पुलावरची चौथी ओळ

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत, त्यांचे नाव सुकदेव धोंडू. धंद्याने पाथरवट. सारे गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणत असे. हे नाव मी येथे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. एकदा ते चौथ्या ओळीत लिहायचे होते आणि मी लिहिले नाही.

यंदा कार्तिकात मी गावी गेलो. एरवी गेलो नसतो. जळगावात शाळेचा व्याप आहे, घर आहे, आणि गावात आता माझे कोणी राहिलेले नाही. पण गावच्या तरुण मंडळींचे पत्र आले. नदीवरच्या दगडी पुलावर साहेबाच्या नावाचा दगड आहे. तो ऑगस्टात स्वराज्याच्या दिवशी पोरांनी छिन्नीने तासून काढला. त्या जागी नवा मजकूर हवा. जुना मजकूर तुम्हीच लिहून दिला होता असे म्हातारे सांगतात, तेव्हा नवाही तुमच्याच हातचा असावा, अशी विनंती त्यांनी केली होती. पत्राच्या खाली सात सह्या होत्या. एकही अंगठा नव्हता. ते पाहून मला बरे वाटायला हवे होते.

सर्व्हिस मोटारीने मला पुलाच्या अलीकडे सोडले आणि धूळ उडवीत ती धुळ्याच्या बाजूला गेली. धूळ बसेपर्यंत मी तसाच उभा होतो. दोन्ही काठांना कपाशी फुटली होती. नदी एका बाजूच्या दोन कमानींतून तेवढी वाहत होती, उरलेल्या तिन्हींखाली वाळू आणि धोब्यांचे दगड. कठड्याला हात लावला. काळा दगड उन्हाने तापला होता आणि सांध्यातला चुना अजून पांढरा, नखाने न निघणारा. कमानीखालून तोच जुना वास वर येत होता, शेवाळाचा, ओल्या वाळूचा आणि वटवाघळांचा. एवढ्या वर्षांत मी कितीतरी गोष्टी शिकलो आणि विसरलो, पण हा वास विसरता आला नाही.

दगड पुलाच्या धुळ्याकडच्या टोकाला आहे. वरच्या तीन ओळी खरोखरच तासल्या होत्या. साहेबाचे नाव नाही, ओव्हरसियरचे नाही, कंत्राटदाराचे नाही. खाली चौथी ओळ मात्र जशीच्या तशी होती. पोरांनी प्रयत्न केलेला दिसत होता, छिन्नीचे पांढरे ओरखडे होते, पण अक्षरे फार खोल होती. मी ती वाचली नाही. ती मला वाचावी लागत नाही.

पूल नव्हता तेव्हा तेथे नदी पाण्यातून ओलांडायचा उतार होता. पावसाळ्यात नदी दोन्ही काठ धरून वाहू लागली की गाव चार-चार दिवस एकीकडे आणि बाजार दुसरीकडे. पलीकडच्या काठावर गाड्या सुटलेल्या, बैल रवंथ करताहेत, गाडीवान हाका मारताहेत आणि त्यांच्या हाका पाण्यावरून फुटक्या होऊन येताहेत, हे माझ्या लहानपणातले श्रावणाचे चित्र. पाणी ओसरले की चिखलात रुतलेल्या चाकांचा एक आवाज येई, ओल्या कपड्यासारखा. तो आवाज आता कोणालाच ठाऊक नाही.

आबांचे घर गावाबाहेर बरडीच्या पायथ्याशी होते, कारण दगड तेथे होता. जाती, उखळ, पायऱ्या, मैलाचे दगड, देवळाच्या चौकटी हे त्यांचे काम. घरात शिरण्याआधीच टाकीचा आवाज ऐकू येई. आबा दगड निवडत तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसत असे. ते हातोडीने हलकेच एक टोला मारीत आणि कान लावीत.

"आयक. हाऊ बोलस." मग दुसऱ्याला टोला. "आनि हाऊ मुका शे. मुका दगड कमानमा चालस नही. दिसाले चांगला ऱ्हास, पन आतमा फुटेल ऱ्हास."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटत. आबा हसत आणि माझ्या टाळूवर त्याच हातोडीच्या दांड्याने टिचकी मारीत. "हाऊ बी मुकाच शे," म्हणत.

मला पहिली पाटी त्यांनी करून दिली. काळ्या दगडाची एक पातळ कपची त्यांनी दोन महिने घासली. घासून घासून ती अशी झाली की तिच्यात तोंड दिसे. लिहायला चुन्याचा खडा. ती पाटी एवढी जड होती की शाळेत नेताना मी ती डोक्यावर घेत असे आणि पोरे मला चिडवीत, "उना उना, जातं लईसन उना!" पण त्या पाटीवर काढलेले अक्षर कसे उठून दिसे! माझे वळण चांगले झाले ते त्या पाटीमुळे. वळण चांगले झाले म्हणून पुढचे सगळे झाले. वाईटही त्यामुळेच झाले.

चौथी झाल्यावर मला धुळ्याला पाठवावे असे आबांनीच काढले. माझे वडील ऐकेनात. घरासमोरच्या निंबाखाली दोघे बसले होते. निंबाला मोहोर आला होता आणि तो त्यांच्या पागोट्यांवर गळत होता, हे मला अजून दिसते.

वडील म्हणाले, "शिकीसन काय करी तो? कलेक्टर व्हई?"

"कलेक्टर नको व्हवो. ढोरं राखाले बठ्ठं गाव शे, भाऊ. अक्षर राखाले एक तरी पोऱ्या धाड." आणि थोडे थांबून आबा जे बोलले ते तेव्हा मला समजले नव्हते. "आख्खा जलम मी दुसरान्हं लिखेल कोरस. काय कोरस, माले ठाऊक नही. यानी वाचीसन सांगं तरी गंज झायं, पुस्कळ झायं."

धुळ्याला मला आबांनीच नेले. दगडाच्या गाडीत बसून आम्ही गेलो आणि त्यांच्या बहिणीच्या घरी माझी सोय झाली. पुढे दर पंधरा दिवसांनी कोणत्या तरी गाडीवानाबरोबर फडके येई. त्यात कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी, कधी वांग्याचे भरीत. भाकरीला टाकीच्या धुरळ्याचा बारीकसा वास असे. खाताना कधी कधी दाताखाली कच् वाजे. वर्गातली मुले मला विचारीत, तुमच्याकडे भाकरीत काय घालतात? मी सांगत असे, काही नाही.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो तेव्हा पुलाचे काम वर आले. चौदा सालची थोरली लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षे. खात्याचा आराखडा निळ्या कागदावर होता. ओव्हरसियर साहेब तो टेबलावर पसरीत आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवीत. पाच कमानी, मधली सर्वांत उंच. खांबांना नदीच्या वरच्या अंगाला होडीसारखे टोक, म्हणजे पूर आला तरी पाणी खांबावर आपटायचे नाही, दुभागून जायचे. सडक मध्ये जराशी उचललेली, म्हणजे तिच्यावर पाणी थांबायचे नाही. आबांना कागदावरची अक्षरे समजत नसत, पण रेघा समजत. ते आराखड्यावर ओणवे होत, बोटाने कमान चाचपीत आणि मग वाळूत काठीने तीच कमान माणसाच्या उंचीएवढी काढीत. ती सुतळीने मोजली की चूक निघत नसे.

कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद. लाकडाचा मोठा साचा उभा करून त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवीत यायचे आणि अगदी शेवटी मधोमध एक दगड बसवायचा. त्याला ते चावी म्हणत. चावी बसली की सगळे दगड एकमेकांना धरतात. "कोन्ही कोन्हाले धरस नही या जगमा," आबा म्हणत, "कमानना दगड तेवढा धरतस."

चुन्याची घाणी नदीकाठी होती. गोल चरात दगडी चाक, त्याला बैलांची जोडी, आणि चरात चुना, वाळू, विटांची पूड. बेलफळे भिजवलेले पाणी त्यावर ओतीत. त्या वासाला काय म्हणावे? आंबूस, गोड, जरासा जळजळीत. दिवसभर चाक घरघरे आणि त्या तालावर बायका टोपल्या वाहत. उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आलो की तो आवाज ऐकत घाणीच्या आडोशाला पुस्तक घेऊन पडत असे. माझे सगळे संस्कृत शब्द चुन्याच्या वासाचे आहेत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी शेवटच्या कमानीचा साचा काढायचा होता. गावात झोके बांधले गेले होते. सासरच्या पोरी माहेरी आल्या होत्या आणि त्यांची गाणी नदीपर्यंत येत होती. पण दुपारी झोके रिकामे पडले, सगळ्या पोरी पुलाकडे धावल्या. आमच्याकडच्या पाथरवटांची रीत अशी की साचा निघतो तेव्हा ज्याने कमान बांधली तो तिच्या खाली बसून जेवतो. कमान आली तर त्याच्यावर येईल. चार कमानींखाली आबा असे जेवले होते. पाचवी मधली, सर्वांत मोठी.

ते वाळूत मांडी घालून बसले. फडके सोडले. सुतारांनी पाचरी ठोकायला सुरुवात केली. ओव्हरसियर साहेब वरून ओरडले, "अहो मिस्त्री, बाहेर या! हा काय वेडेपणा!"

"मी बांधेल शे ना, सायेब? मंग मीच बससू."

बायजाअक्का, आबांची मुलगी, नुकतीच माहेरी आली होती. तिने पदर तोंडाला लावला. "बाप, भाकर घर ईसन खा ना!"

साचा कुरकुरला. एक मोठा कडाका झाला आणि लाकडे वाळूत कोसळली. धुरळ्यात काही दिसेना. मग त्या धुरळ्यातून आबांचा आवाज आला,

"बायजा, भाजीमा मीठ कमी शे वं!"

सारा काठ हसला. मीही हसलो. त्या हसण्यानंतरच्या गोष्टी मला लिहायच्या नसत्या तर किती बरे झाले असते.

आखाजी झाल्यावर मजकुराचा दगड घडवायचा होता. मराठी मजकूर कोणी लिहावा, तर माझे अक्षर वळणदार म्हणून ओव्हरसियर साहेबांनी मला बोलावले. माझा मॅट्रिकचा निकाल लागला होता. पुण्याच्या कॉलेजात आणि वसतिगृहात जागा मिळायला शिफारशीची चिठ्ठी लागत होती आणि ती तेच देणार होते. मी मोठ्या अक्षरांत कागद लिहू लागलो तेव्हा आबा माझ्यामागे येऊन उभे राहिले. हातातल्या टाकीचे टोक अंगठ्यावर फिरवीत होते.

"एक मांगस तुले," ते म्हणाले. "बठ्ठास्नं नाव लिख. मंग खाले मन्हं बी लिख. ल्हानसं."

त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही.

मी लिहिले. तीन ओळींखाली चौथी, 'काम केले : सुकदेव धोंडू'. तो कागद मी ओव्हरसियर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हे कोण?"

"मिस्त्री, साहेब."

ते रागावले नाहीत. हसले. "पाथरवटाचे नाव लावले तर उद्या पखालवाला म्हणेल माझेही लावा. काढ ते. त्या जागी काही उपयोगाचे लिही. उतारावर हे गाडीवान बैल पळवतात, कठडे मोडतील. लिही, 'गाड्या सावकाश हाकाव्या'."

टेबलावर आराखड्याच्या कोपऱ्यावरच्या एका दगडाखाली माझी चिठ्ठी होती. लिहून झालेली, सही व्हायची राहिलेली. मी नवा कागद घेतला. माझे अक्षर त्या दिवशी जरासुद्धा हलले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

कागद घेऊन नदीकाठी आलो तेव्हा आबांनी हात धोतराला पुसले आणि मग कागद घेतला.

"मन्ही वळ कोन्ती?"

मी चौथ्या ओळीवर बोट ठेवले.

बोललो काहीच नाही. मनाशी म्हटले, मी खोटे बोललो नाही, बोट ठेवले एवढेच. अशा तऱ्हेची कारणे शोधण्याइतके शिक्षण मला तोपर्यंत मिळाले होते.

आबांनी कागदाला सुईने अक्षरांच्या कडेकडेने भोके पाडली, कागद दगडावर चिकटवला आणि कोळशाची पुरचुंडी त्यावर आपटली. कागद काढल्यावर दगडावर काळ्या ठिपक्यांची अक्षरे उमटली. पहिल्या तीन ओळी त्यांनी दोन दिवसांत कोरल्या. चौथीला तीन दिवस लागले. खात्याच्या माणसाने घाई केली तेव्हा म्हणाले, "त्या वळी सायबन्या. हाई मन्ही. हाई खोल जाई." प्रत्येक अक्षराची काठी ते टाकीने उतरवीत, फुंकर मारीत, करंगळी आत घालून पाहत आणि पुन्हा उतरवीत. मी तीन दिवस बरडीकडे फिरकलो नाही. टाकीचा आवाज मात्र घरापर्यंत येत होता.

पुढे मी पुण्याला गेलो. पहिल्या सुटीत आलो तेव्हा आबा मला पुलावर घेऊन गेले. संध्याकाळ होती. धुळ्याकडून कापसाच्या गाड्या येत होत्या, पांढऱ्या बोंडांनी भरून बाहेर ओथंबलेल्या. एका गाडीवर एक शेठजी बसले होते. दगडापाशी येताच ते गाडीवानाला काही बोलले आणि गाडी हळू झाली.

आबांनी माझा दंड धरला. "देख! कशी गाडी हळू करी त्यानी! मन्हं नाव वाची ऱ्हायना तो."

वाचता येणारे प्रवासी तेव्हा थोडेच असत, पण जे असत ते खरोखरच त्या दगडापाशी गाडी हळू करायला सांगत. आबा पुलाजवळच्या एका निंबाखाली बसून ते पाहत. आणखी दोन वर्षांनी मी सुटीत आलो तेव्हा ते पुन्हा मला तेथे घेऊन गेले. त्या खेपेला ते जरा वाकले होते, मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. दगडासमोर त्यांनी मला उभे केले, स्वतः माझ्या बाजूला उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले,

"वाच भो एकदाव. तुन्हा तोंडतून आयकू दे."

मी चौथ्या ओळीवर बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, "काम केले, सुकदेव धोंडू."

खाली नदीत कोणीतरी बैल धूत होते. आबांनी माझ्या तोंडावरची नजर काढून दगडाकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं वाचस तू. चांगलं शिकाडतस व्हई तठे, पुन्याले."

मला त्या वेळी ते कौतुक वाटले.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला, गावातही पहिला. तेथून आबांना पत्र लिहिले. त्यानंतर जळगावला नोकरी लागली आणि त्याच श्रावणात आबा गेल्याचे कळले. नदीला पूर होता. आता पूल होता, येता आले असते. मी आलो नाही. शाळा नुकतीच सुरू झाली होती, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगितले.

यंदा कार्तिकात देवळाच्या ओट्यावर मंडळींची बैठक झाली. मी म्हणालो, "पूल ज्यांनी बांधला त्यांचे नाव कोरू. सुकदेव धोंडू." अध्यक्ष एक पंचविशीचा तरुण, खादीचा सदरा, बोलण्यात नम्र. तो म्हणाला, "सर, तुमची भावना समजते. पण असे एकेका कारागिराचे नाव लावत बसलो तर शेवट कुठे? काहीतरी सगळ्या गावाला उपयोगाचे असावे." मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याला चष्मासुद्धा नव्हता. मला त्याचा राग आला नाही. ज्या गोष्टीला मी सतराव्या वर्षी मान डोलावली तिच्यावर बावन्नाव्या वर्षी रागावण्याचा मला काय अधिकार?

तरी मी बरडीकडे गेलो. वाटले, मंडळी नको म्हणोत, स्वतः एक दगड घडवून घेऊन कठड्यात बसवता येईल. आधी बायजाअक्काला सांगावे. ती आता विधवा होऊन बापाच्या घरी राहते. टाकीचा आवाज कधीच बंद झाला आहे. दारात अर्धवट राहिलेले एक जाते पडले होते आणि त्यावर तिने वड्या वाळत घातल्या होत्या.

मी तिला सगळे सांगितले. चिठ्ठी, कागद, बोट, सगळे. पस्तीस वर्षे जे कोणाला सांगितले नाही ते सांगताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ती वड्या उलटत होती. उलटतच राहिली.

"बापले माहीत व्हतं," ती म्हणाली.

मला वाटले मी नीट ऐकले नाही.

पूल झाल्यावर दुसऱ्याच वर्षी पारोळ्याकडच्या मोरीवर, म्हणजे सडकेवरच्या लहान पुलावर, दगड बसवायचा होता. ओव्हरसियर साहेबांना ती ओळ फार उपयोगाची वाटली होती, त्यांनी तीच तेथेही लावायला सांगितली. कारकून कागद घेऊन आला. आबांनी कागद हातात घेतला, त्यावर अंगठा फिरवला. तीन दिवस खपून जी अक्षरे त्यांनी उतरवली होती ती त्यांच्या हाताला ठाऊक होती. डोळ्यांना वाचता येत नव्हते, हाताला येत होते.

"बापनं तोंड आसं फुलनं," अक्का सांगत होती. "कारकूनले म्हने, 'हाई तं मन्हं नाव शे. आठे बी लावतस का?' कारकून म्हने, 'कसानं नाव, बुढा? गाड्या सावकाश हाका, आसं लिखेल शे.' बठ्ठा हसनात. गडी हसनात, गाडीवान हसनात."

"आणि आबा?"

"बाप बी हसना. काय करी? मंग तो दगड कोरा. तो बी खोलच कोरा."

मी मनात वर्षे जुळवली. पुलावर त्यांनी मला वाचायला लावले ते त्यानंतर.

"अक्का, मला ते कधी बोलले का नाहीत?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "तू सांगशी म्हनीसन वाट देखी त्यानी. माहीत व्हवावर बी तुले सुटीले पूलवर कसाले लई गया बाप, तुले आते समजनं का?"

अंगणात ऊन होते. जात्यावरच्या वड्यांवर माश्या बसत होत्या. मी दगडाचे बोललो, नवा दगड, त्यांचे नाव, मी स्वतः लिहून देईन, चांगला कारागीर धुळ्याहून आणीन. तिने हात झटकले.

"नको. तुन्हा हातन्हा कागद आते नको. नाव लिखीसन काय? आयकाले बाप शे का?"

मग ती आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात आबांची एक टाकी होती, डोके ठोकून ठोकून फुलासारखे उमललेली. माझी दगडी पाटी होती, एका कोपऱ्याला टवका गेलेली. आणि माझे पत्र होते, घड्यांवर फाटत आलेले. ते आले तेव्हा गावच्या मास्तरांनी ओट्यावर बसून आबांना वाचून दाखवले होते. आबांनी ते तीनदा वाचून घेतले. मास्तरांना घाई होती, तर म्हणाले, "सावकाश वाच, मास्तर. सावकाश." आणि वाचून झाल्यावर कागद हातात घेऊन अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवले.

"घे," अक्का म्हणाली. "तुन्हं अक्षर तू लई जाय."

पाटी मी घेतली नाही. ती आता मला उचलवणार नव्हती. पत्र घेतले. पुलावरून परत येताना संध्याकाळ होत होती. एक सर्व्हिस मोटार समोरून आली आणि दगडापाशी मुळीच हळू न होता निघून गेली. पत्र पुढे दिले आहे. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही.

"तीर्थस्वरूप सुकदेव आबा यांचे चरणी बालकाचा कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

कळविण्यास आनंद वाटतो की, आपल्या आशीर्वादाने मी बी.ए. ची परीक्षा पास झालो. निकालाच्या कागदावर माझे नाव छापलेले पाहिले तेव्हा प्रथम आपली आठवण झाली. आपण दगडाची पाटी घडविली नसती, वडिलांची समजूत घातली नसती, गाडीवानांबरोबर भाकरी पाठविली नसती, तर आज मी ढोरांमागे असतो. आपले उपकार या जन्मी फिटणारे नाहीत.

आपण माझ्याजवळ एकच मागणे मागितले होते व ते माझ्या हातून पुरे झाले, याचे मला फार समाधान वाटते. माणसे जातात, पण दगडावरचे नाव राहते. सडकेने येणारेजाणारे आजही गाडी हळू करून आपले नाव वाचीत असतील, हे मनात येऊन ऊर भरून येतो.

आपली प्रकृती जपावी. बायजाअक्कास नमस्कार. हे पत्र मास्तरांकडून वाचून घ्यावे.

आपला आज्ञाधारक.

ता. क. : येथील माझ्या मित्रांना मी आपल्या पुलाची हकीगत नेहमी सांगतो, आणि ती चौथी ओळ त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवितो."